एअर प्युरिफायर घेताय? जीएसटी कमी व्हायची वाट बघण्याआधी खोली मोजा

डिसेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एक जनहित याचिका आली. मागणी सरळ होती: एअर प्युरिफायरला वैद्यकीय उपकरण समजा आणि त्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणा. जीएसटी कौन्सिलने यावर लवकर विचार करावा असं कोर्टाने सांगितलं, केंद्राने मात्र विरोध केला. तेव्हापासून मला मित्रांचे एकसारखे मेसेज येतायत, "आत्ता घेऊ की थांबू?"

थोडं गणित करू. समजा मशीनची करापूर्वीची किंमत १०,००० रुपये आहे. १८ टक्क्यांनी ती ११,८०० होते, ५ टक्क्यांनी १०,५००. म्हणजे वाचले १,३००. वाईट नाही. पण आतला फिल्टर समजा २,००० चा आहे आणि दरवर्षी बदलायचा आहे. पहिला मशीनसोबत येतो. पाच वर्षांत आणखी चार लागतील, आजच्या कराने ९,४४० रुपये. जवळपास अजून एक मशीनच! आणि मशीन तुमच्या खोलीला छोटं पडत असेल, तर हा सगळाच खर्च वाया.

छोटं पडतंय हे कसं ओळखायचं? बॉक्सवर मोठ्या अक्षरात '३०० चौरस फुटांपर्यंत' असं लिहिलेलं असतं. तिकडे बघूच नका. बारीक अक्षरात सीएडीआर नावाचा आकडा शोधा. मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं, ते हा आकडा सांगतो. बेडरूमसाठी साधारण असं धरतात की खोलीतली सगळी हवा तासाला पाच वेळा गाळून निघावी. १० बाय १२ ची बेडरूम, उंची १० फूट, म्हणजे १,२०० घनफूट, म्हणजेच सुमारे ३४ घनमीटर. पाचने गुणलं की १७०. इतकी आकडेमोड नको असेल तर खोलीच्या चौरस फुटांना दीडने गुणा, जवळपास तेवढंच उत्तर येतं.

आता हेच त्या '३०० चौरस फूट' वाल्या मशीनला लावून बघा. त्याचा सीएडीआर २०० असेल, तर ३०० फुटांच्या हॉलमधली हवा तासाला सव्वादोन-अडीच वेळाच फिरते. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त कमी फेऱ्या धरते. त्यातून हा आकडा फुल स्पीडचा असतो. रात्री आवाज नको म्हणून आपण स्लीप मोड लावतो, तेव्हा तो खूप खाली येतो. म्हणून माझं मत: हिशोबाने येईल त्याच्या वरचं मॉडेल घ्या आणि मधल्या स्पीडवर चालवा. आणि हो, सीएडीआर काही ठिकाणी घनमीटरमध्ये देतात, काही ठिकाणी सीएफएममध्ये. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर. दोन मॉडेल्सची तुलना करताना इथे हमखास घोळ होतो.

फिल्टरच्या साइजचा धडा मी स्वतः पैसे घालवून शिकलो. लहान भावाला दम्याचा त्रास आहे, म्हणून घरी प्युरिफायर आला. वर्षभराने फिल्टर बदलायची वेळ आली, तर ओरिजिनलची किंमत बघून मी ऑनलाइन 'कंपॅटिबल' मागवला, निम्म्या किमतीत. दिसायला सेम टू सेम. पण खोलीतला पीएम २.५ चा आकडा काही खाली येईना. मागचं झाकण काढून मोबाइलचा टॉर्च मारला तर वरच्या बाजूने उजेड आरपार! फिल्टर चार-पाच मिलिमीटरने आखूड होता. हवा नेहमी सोपी वाट धरते. जाड कागदातून जाण्यापेक्षा ती फटीतून निघून जाते. मग फिल्टर एच१३ दर्जाचा असला, ९९.९५ टक्के कण अडवत असला, तरी उपयोग शून्य.

त्यामुळे फिल्टर मागवताना फोटो जुळवू नका. मशीनच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचे फिल्टरही उंचीला वेगळे असू शकतात. जुना फिल्टर टाकून देण्याआधी पट्टीने लांबी, रुंदी, जाडी मोजा. गोल असेल तर बाहेरचा व्यास, उंची आणि मधल्या भोकाचा व्यास. मोबाइलच्या कॅमेऱ्याने माप घेणारी ॲप्स खोली मोजायला ठीक आहेत, इथे मिलिमीटरचा प्रश्न आहे. नुसतं 'हेपा टाइप' लिहिलं असेल आणि दर्जा दिलेलाच नसेल, तर पुढे स्क्रोल करा. फिल्टर बसवण्याआधी त्यावरचं प्लास्टिक काढा. हसू नका, ते न काढता महिनोन्महिने मशीन चालवणारे लोक आहेत.

ॲप 'फिल्टर १२ टक्के शिल्लक' दाखवतं, तेव्हाही लगेच ऑर्डर टाकायची गरज नसते. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो आकडा मुख्यतः किती तास मशीन चाललं यावरून काढतात, किती धूळ बसली यावरून नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर फिल्टर त्याआधीच काळा होईल, आणि मशीन फक्त थंडीतच लावत असाल तर जास्त टिकेल. उघडून बघा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. म्हणजे हा एकट्या दिल्लीचा प्रश्न उरलेला नाही. पण आपल्याकडे खिडक्या दिवसभर उघड्या असतात, आणि उघड्या खिडकीपुढे कुठलाही सीएडीआर पुरत नाही. आमच्याकडे आता रात्री फक्त भावाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून तिथेच मशीन चालवतो. हॉलसाठी दुसरं घ्यायचा विचार होता, २५० चौरस फुटांना दीडने गुणलं, ३७५ सीएडीआरच्या मशीनच्या किमती बघितल्या आणि टॅब बंद केला.