वावर त्याचं, कर्ज तिचं: ही कसली फारकत?

मागच्या वर्षी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, आपल्याच विहारात बैठक झाली. नवरा-बायकोचं पटत नव्हतं, दोन्हीकडचे नातेवाईक थकले होते. समाजाच्या चार जाणत्या माणसांनी स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून दिली. लग्नातली भांडी आणि कपाट तिला परत, आणि शेवटी नेहमीचं वाक्य: यापुढे दोघांचा एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही. साक्षीदार म्हणून मीही सही केली आणि वाद मिटवल्याच्या समाधानात घरी आलो.

तीन महिन्यांनी ती मला भेटायला आली. तिच्या नावावर गटाची दोन कर्जं होती, एक ४० हजारांचं, एक ३० हजारांचं. पहिल्यातून त्याच्या शेतात बोअर झाला, दुसऱ्यातून कपाशीचं बियाणं आणि खत आलं. वसुलीवाला आता तिच्या भावाच्या दारात येऊन बसतो. तिने एकच विचारलं, "भाऊ, बोअर त्याच्या वावरात रायला, मंग कर्ज माह्यं कसं?"

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. पितृसत्तेवर भाषणंही केली. पण त्या कागदावर सही करताना कर्जाचा प्रश्न मला सुचला नाही. बैठकीत बसलेल्या एकालाही सुचला नाही.

मित्रांनो, हे एका बाईचं नशीब नाही. ही व्यवस्था आहे. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. गटाचं कर्ज मात्र बाईच्या नावावर निघतं, कारण ती हप्ता चुकवत नाही हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे विनातारण कर्ज मिळतं आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. म्हणजे कर्ज देताना उत्पन्न दोघांचं मोजायचं, आणि संसार मोडला की फेडायचं एकटीने! सरकारी कर्जमाफीचंही तेच. २०१७ ची असो की २०१९ ची, माफ झालं ते बँकांचं शेतीकर्ज. मायक्रोफायनान्सच्या गटातल्या बाईचं नाव त्या यादीत कधी आलंच नाही.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती का जाळली? तिच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र आणि दास यांना स्वतःचं धन नाही, त्यांची कमाई मालकाची, असं सांगितलं आहे. आपण दर २५ डिसेंबरला दहनाचा कार्यक्रम करतो आणि विहारातल्या बैठकीत तोच नियम स्टॅम्प पेपरवर उतरवतो. तिची कमाई तर ठेवून घेतोच, वर कर्जही तिच्याच पदरात बांधतो.

कोणी म्हणेल, कायद्यातच वाटणी नाही, आम्ही काय करणार? अर्धं खरं आहे. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतंच बोलतं. संसारात उभ्या केलेल्या मिळकतीवर बायकोचा आपोआप हिस्सा त्यात नाही. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मी निम्मी होते. इथे घटस्फोटित पत्नीला पतीच्या मिळकतीत वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, पण लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. आपण त्या विधेयकासाठी एक मोर्चा तरी काढला का?

आणि ज्या फारकतीवर आपण सह्या करतो, ती कायद्यात टिकते का? न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय घटस्फोट होत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या जुन्या रूढीचा. आपण रूढी टाकून धम्मात आलो आणि बायको सोडताना रूढीचाच आधार घेणार?

"जमीन वडिलोपार्जित आहे, तिला कुठून देणार?" हा प्रश्नही येतो. वडिलोपार्जित जमीन बाजूला ठेवा. तिच्या कर्जातून झालेला बोअर, बैलजोडी, मोटरसायकल, घराच्या भिंती, उभं पीक, हे तर तुमच्या आजोबांनी दिलेलं नाही ना? याची किंमत काढा. तेवढी वाटणी द्यायची नसेल तर निदान तिचं कर्ज तरी फेडा.

कायदा बदलेपर्यंत आपल्या हातात काय आहे? बरंच आहे. बैठकीत फारकतीच्या आधी दोन याद्या करा: काय काय आहे, आणि कोणाकोणाचं देणं आहे. प्रत्येक कर्जापुढे लिहा, पैसा कशात गेला. कर्जाच्या कागदावर नवऱ्याची सही असेल तर त्याची प्रत तिच्याकडे ठेवा. प्रकरण न्यायालयात न्या. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगावी लागतात. तिथे गटाचं कर्ज लिहायला विसरू नका. वकिलाला पैसे नाहीत, ही सबब चालणार नाही. महिलांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

ज्यांचा संसार सुखाचा आहे त्यांनीही थांबू नये. शेतीवर बायकोचं नाव लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही घर दोघांच्या नावावर लावता येतं. जयंतीच्या मंचावर समतेवर बोलणाऱ्या किती कार्यकर्त्यांच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव आहे? पहिला प्रश्न मी मलाच विचारला. उत्तर लाजिरवाणं होतं. गेल्या महिन्यात तलाठ्याकडे अर्ज दिला.

त्या बाईचं प्रकरण आता न्यायालयात नेतो आहोत. साक्षीदार म्हणून मी उभा राहणार आहे, यावेळी तिच्या बाजूने. ज्या चार जणांनी माझ्यासोबत सही केली, त्यांनीही यावं.

जय भीम!