खून पडतो तो बंगल्यातच का?

रहस्यकथा ही रिकामटेकड्यांची चैन आणि विज्ञानकथा हा पोरांचा खाऊ, असा निवाडा आमच्या विद्वान टीकाकारांनी केव्हाच देऊन ठेवला आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हजारो घरांत वाचनाची गोडी लावली. पण वाङ्मयाच्या पंगतीत त्यांचे पान नेहमी ओसरीवरच मांडले गेले. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने धाडली आणि ती पहिली आली. परंतु साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड व्हायला २०२१ साल उजाडावे लागले!

टीकाकारांशी आमचे भांडण आहेच. पण म्हणून लेखकांना मोकळे कसे सोडावे? रहस्यकथेतला खून मुंबईच्या बंगल्यातच का पडतो? विज्ञानकथेतले यान अंतराळातच का भटकते? आम्हां बीडकरांच्या मुलखात रहस्याचा दुष्काळ आहे की काय?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे अवघ्या ८०७ मुली भरल्या. बाकीच्या गेल्या कुठे? प्रेत नाही, रक्ताचा डाग नाही, फिर्यादी तर नाहीच नाही. साक्षीदार सारे घरचेच, आणि तोंडे मिटलेली! याहून बिकट तपास अर्नाळकरांच्या धनंजयाच्या तरी वाट्याला आला असेल काय?

आणि हत्यार कोणते? पोटातले बाळ सुखरूप आहे ना, हे पाहण्यासाठी आलेले यंत्र! गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. यंत्राआडची माणसे त्यालाही हुलकावणी देत राहिली. नवे यंत्र जुन्या मनाच्या हाती पडले की काय होते, हाच ना विज्ञानकथेचा मूळ प्रश्न? मग तो सोडवायला मंगळावर कशाला जावे? गेवराई, शिरूर, पाटोदा काय वाईट आहेत?

कोणी म्हणेल, ऐन दिवाळीत हे अभद्र कशाला? अहो, याच विषयावर व्याख्यान ठेवले तर श्रोते जांभया देतील. परंतु ‘गुन्हेगार कोण?’ एवढे विचारा, की आजोबांपासून नातवापर्यंत सारे घर सरसावून बसते. रहस्यकथेची ही ताकद टीकाकारांना कळली नाही, हे एक वेळ क्षम्य आहे. लेखकांनी ती बंगल्यातल्या हिऱ्यांच्या हारापायी उधळावी, हे मात्र क्षम्य नाही.

तेव्हा लेखकहो, एक कादंबरी आमच्या जिल्ह्यावर लिहाच. शेवटच्या पानावर गुन्हेगार आमच्याच माजघरात सापडला, तरी आम्ही पुस्तक मिटणार नाही.