प्रश्न कोठें थांबतो?

ऊठसूट प्रश्न विचारणाऱ्यांमुळें समाज पोखरला जातो, घरांत बापाचा व गांवांत वडीलधाऱ्यांचा धाक राहात नाहीं, असें आमच्याच बहुजन समाजांतील कांहीं मंडळी बोलूं लागली आहेत. भटभिक्षुकांनीं असें म्हटलें तर नवल नाहीं. ज्याचें पोट दुसऱ्याच्या गप्प बसण्यावर चालतें तो प्रश्नाला भिणारच! परंतु ज्यांच्या वाडवडिलांना मान वर करून चालतां आलें तें कोणी तरी प्रश्न विचारला म्हणून, त्यांच्या तोंडीं ही भाषा शोभत नाहीं.

नुसत्या शुष्क वादानें पोट भरत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. ह्या देशांत तत्त्वचर्चेचा तोटा कधींच नव्हता. जग सत्य कीं मिथ्या, जीव व ब्रह्म एक कीं दोन, ह्यावर पंडितांनीं शतकानुशतकें घसे कोरडे केले. पण चमत्कार पाहा! सर्वत्र एकच ब्रह्म भरलें आहे असें सांगणाऱ्या शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाहीं, असाच निर्वाळा दिला. उभ्या जगाच्या खरेपणाविषयीं शंका घेणाऱ्या बुद्धीला स्मृतिवचनाची शंका मात्र आली नाहीं. तेव्हां नुकसान झालें तें प्रश्न फार विचारल्यानें, कीं ते सोईच्या ठिकाणीं थांबविल्यानें?

जोतीरावांनीं प्रश्न आकाशांतून खालीं ओढून लग्नाच्या मांडवांत आणला. देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल कशाला? १८७३ च्या सप्टेंबरांत सत्यशोधक समाज निघाला व त्याच डिसेंबरांत भटावांचून पहिलें लग्न लागलें. आभाळ कोसळलें नाहीं. दक्षिणा तेवढी बुडाली.

महाडची गोष्ट तर शाळेंतल्या पोरांनाही पाठ असावी. १९२३ सालीं रावबहादुर बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करविला. १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती चवदार तळ्याचें पाणी प्याले. सनातनी कोर्टांत धांवले: आमची वहिवाट अनादि आहे! अनादि म्हणजे कधींपासून? पुरावा कोठें आहे? सुमारें दहा वर्षें दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं हायकोर्टानें निकाल दिला कीं, रूढी अनादि असल्याचें शाबीत झालेलें नाहीं. जिच्यासाठीं डोकीं फुटलीं ती रूढी एवढ्या साध्या पृच्छेपुढें टिकली नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. १८८२ सालीं ताराबाई शिंदे यांनीं पुरुषजातीलाच जाब विचारला, तेव्हां तें सत्यशोधकांपैकींही कांहींना झोंबलें. ‘सत्सारां’त त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनीं. माणसांना वाळींत टाकणाऱ्या जातपंचायती काय सगळ्या भटांच्या आहेत? त्यांच्यासाठीं २०१६ सालीं महाराष्ट्रांत बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. भोंदूंना जाब विचारणारे डॉ. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून मारले गेले; तेव्हां "कशाला नसत्या उठाठेवी कराव्या?" असें म्हणणारेही आमच्यांत निघाले!

हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. प्रश्नांना भिणाऱ्या मंडळींनीं येत्या लग्नसराईंत आपल्या मुलीला याद्यांच्या बैठकींत बसवावें आणि देण्याघेण्याचा आंकडा कोणीं व कशासाठीं ठरविला, हें तिला चारचौघांत विचारूं द्यावें. धाक कोणाला कशाचा हवा आहे, तें तेथें दिसेल.