फॉर्मवरचं ‘नाही’

मावशी ७१ वर्षांची. मुलगा न्यू जर्सीत, सुनेचं पहिलं बाळंतपण, म्हणून मुक्काम सहा महिन्यांचा. प्रवासविमा काढायला तिच्यासोबत एजंटच्या ऑफिसात गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मावशीने पाणी मागितलं, पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि जेवणानंतर घ्यायची राहिलेली मेटफॉर्मिनची गोळी घेतली. टेबलापलीकडे एजंट तिचा फॉर्म भरत होता. ‘आधीपासूनचा काही आजार?’ या प्रश्नापुढे त्याने ‘नाही’ केलं. तिला विचारलंही नाही. मी हटकलं, तर म्हणाला, ‘‘बीपी-शुगरच ना? ते आता सगळ्यांनाच असतं. ‘हो’ केलं की फॉर्म पुढेच सरकत नाही.’’

हा माणूस फसवायला बसला नव्हता. मावशीच्या दोन मैत्रिणींचे विमे त्यानेच काढले होते आणि त्या अजून त्याचं नाव घेतात. पण परदेशी निघालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या विम्याचं सगळं दुखणं त्याच्या या बोलण्यात आहे.

सगळ्यांनाच असतं, हे खरं. विमा कंपनीलाही ते ठाऊक असतं. साठी ओलांडली की प्रवासविम्याचा हप्ता वाढतो, सत्तरीनंतर आणखी वाढतो. का वाढतो? वय झालं की हृदय, मूत्रपिंड, मेंदूच्या रक्तवाहिन्या दगा देण्याची शक्यता वाढते म्हणून. पडणं, हाड मोडणं, न्यूमोनिया हेही त्यात आलं, मान्य. पण या वयातलं मोठं दुखणं पुष्कळदा रक्तदाबाच्या नाहीतर मधुमेहाच्या वाटेने येतं. हप्ता ठरवताना वय मोजायचं आणि भरपाईची वेळ आली की त्याच वयाचे आजार ‘आधीपासूनचे’ म्हणून बाजूला काढायचे, हा व्यवहार सरळ नाही. ७१ वर्षांच्या बाईच्या फॉर्मवर ‘नाही’ दिसलं तर कंपनीतल्या कुणीतरी फोन करून विचारायला हवं, ‘आजी, एकही गोळी चालू नाही?’ मावशीच्या मैत्रिणींना असा फोन आला नव्हता. पैसे भरले आणि थोड्या वेळात पॉलिसी ई-मेलवर आली.

चौकशी होते, पण नंतर. परदेशात छातीत दुखू लागलं, इमर्जन्सीत नेलं, की तिथला डॉक्टर आधी विचारतो, गोळ्या कुठल्या आणि किती वर्षांपासून? आजारी माणूस खरं तेच सांगतो. सांगायलाच हवं, उपचार त्यावर ठरतात. ‘शुगर बारा वर्षं, बीपी पंधरा वर्षं’ असं केसपेपरवर लिहिलं जातं. तोच कागद क्लेमसोबत कंपनीकडे जातो. मग इथल्या फॅमिली डॉक्टरचं पत्र मागतात, आजार नेमका कधीपासून? फॉर्मवर ‘नाही’, केसपेपरवर ‘हो’. एवढ्यावर क्लेम नाकारता येतो. जी चौकशी पॉलिसी देण्याआधी एका फोनवर झाली असती, ती बिल आल्यावर कसून होते. आणि ते ‘नाही’ कुणी केलं होतं, हे त्या फॉर्मवर कुठेच दिसत नाही. सही पेशंटची असते, नाहीतर त्याच्या मोबाइलवर आलेला ओटीपी.

देशातल्या आरोग्यविम्यात निदान काळ तरी ग्राहकाच्या बाजूने असतो. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, माहिती दडवली एवढ्या कारणावर क्लेम नाकारता येत नाही. प्रवासविमा सहसा साठ, नव्वद, फार तर १८० दिवसांचा. इथे थांबायला वेळ नाही आणि जुनी चूक पोटात घालणारा नियमही नाही. त्यामुळे फॉर्मवरच्या त्या एका टिकेवर सगळा भार येतो.

तो भार किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ डिसेंबर २०२१ च्या निकालात दिसतं. एक गृहस्थ मे २००९ मध्ये नात्यातल्या लग्नाला अमेरिकेला निघाले होते. त्यांनी प्रवासविमा घेतला. विम्याआधी वैद्यकीय तपासणी झाली आणि टाइप टू मधुमेह असल्याचं त्यांनी लिहून दिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना घाम फुटला, अशक्तपणा वाटू लागला. रुग्णालयात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट बसवावे लागले. कंपनीने क्लेम नाकारला. कारण मधुमेह जुना, आणि रक्तातल्या चरबीसाठी घेत असलेली गोळी फॉर्मवर नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने कौल दिला. मधुमेहींना अशी गोळी खबरदारी म्हणूनही देतात, ती न लिहिणं म्हणजे माहिती दडवणं नव्हे; आणि प्रकृतीचा अंदाज घेऊन पॉलिसी दिल्यावर, ग्राहकाने जो आजार स्वतः लिहून दिला होता तोच पुढे करून भरपाई नाकारता येणार नाही.

हा निकाल मिळायला साडेबारा वर्षं लागली. तोही मिळाला, कारण त्यांच्या फॉर्मवर मधुमेह लिहिलेला होता. तिथे ‘नाही’ असतं, तर न्यायालयाने कशाचा आधार घेतला असता? मावशीचा एजंट तोच आधार काढून घेत होता, आणि तेही तिचं काम सोपं व्हावं म्हणून.

व्हिसाच्या कागदांतही हा प्रश्न झाकला जातो. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. रक्कम, तारखा आणि देश जुळले की प्रमाणपत्र चालतं. आतल्या पानावर कुठले आजार वगळले आहेत, ते कुणी घरी बसून वाचत नाही. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तर विम्याची सक्तीच नाही. तिथे निघालेल्या आईवडिलांसाठी मुलं तिथूनच जे प्लॅन घेतात, त्यांपैकी अनेकांत जुना आजार ‘अचानक उसळला’ तरच उपचारांचे पैसे मिळतात, आणि साधारणपणे २४ तासांच्या आत डॉक्टर गाठावा लागतो. हळूहळू वाढत गेलेला त्रास त्यात बसत नाही. म्हातारी माणसं तर दोन दिवस अंगावर काढतात. मुलाला सुट्टी नाही, उगाच खर्च नको, असं म्हणत.

विमा नियामकाने इथे एकच गोष्ट सक्तीची करावी. साठीपुढच्या प्रवाशाची पॉलिसी देण्याआधी कंपनीने चालू गोळ्यांची यादी मागावी, आणि ती यादी पाहून ‘हो’ची किंमत सांगावी. हप्ता दुप्पट सांगा, तिप्पट सांगा. घेणारा घेईल, नाहीतर जाणं पुढे ढकलेल. आज ‘हो’ म्हणणाऱ्याला अनेकदा किंमतच सांगितली जात नाही, नुसता दरवाजा बंद होतो. म्हणून प्रामाणिक माणसंही ‘नाही’ म्हणतात.

आम्ही फॉर्म पुन्हा भरायला लावला. ‘हो’ केलं, दोन्ही आजार लिहिले, गोळ्यांची नावं लिहिली. पहिल्या कंपनीने नकार दिला. दुसरीने डॉक्टरांचं पत्र, ईसीजी आणि साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट मागितला. चार दिवस गेले, हप्ता बराच वाढला. पॉलिसी आली. जुन्या आजारांचे उपचार जीवावर बेतलं तरच, आणि तेही मूळ रकमेच्या दहाव्या हिश्शापर्यंत. ते कलम एजंटला मोठ्याने वाचायला लावलं. मावशी ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने त्याला विचारलं, ‘‘म्हणजे मला तिकडे घेरी आली, तर ते जीवावर बेतलंय की नाही, हे ठरवणार कोण?’’

एजंटने पान उलटलं, पुढचं पान पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘विचारून सांगतो, काकू.’’