लाकडाची पदवी आणि तिच्यावरचा शिक्का



मागच्या महिन्यात फार्मसीच्या प्रवेशाबद्दल लिहिलं. त्यावर आलेल्या फोनांत एक वेगळाच होता. "काका, लाकडात एम.एस्सी. करता येते का? आणि केली तर ती चालते का?"

विचारणारी आपल्या माधव नगरातलीच. भौतिक, रसायन आणि गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. घरची लाकडाची वखार आहे, हरदा-बैतूलकडचा साग येतो. वडिलांचं म्हणणं सरळ होतं: लाकूड शिकायला पोरीनं बाहेरगावी कशाला जायचं, आपल्या दारात रोज गाडी उतरते!

करता येते का, याचं उत्तर सोपं आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था 1906 सालची. तिथे 'वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी' याच नावानं एम.एस्सी. आहे आणि आमच्या या भाचीकडे आहेत तेच विषय तिथे लागतात. बेंगळुरूला मल्लेश्वरममध्ये काष्ठ विज्ञान संस्था आहे. तिथलाच लाकूड आणि पॅनेल तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम नावाजलेला. मात्र ती पदव्युत्तर पदविका आहे, पदवी नाही. हा फरक घरात आधीच बोलून घ्यावा.

आता वडिलांच्या शंकेबद्दल. पावसाळ्यात दार फुगतं आणि चैत्रात त्याच दाराला फट पडते, हे आपल्याला आजीपासून ठाऊक आहे. का, ते या शास्त्रात कळतं. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी आधी उडून जातं, तोवर लाकडाचा आकार बदलत नाही. ओलावा साधारण 28-30 टक्क्यांच्या खाली आला, की पेशींच्या भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आक्रसतं. तेही सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत बरंच. म्हणून फळीला बाक येतो, पिळा पडतो. मालव्यासाठी वाळवलेलं दार कोकणात नेऊन बसवलं तर ते तिथली हवा पिऊन फुगणारच. भारतीय मानक 287 मध्ये हवेच्या दमटपणाप्रमाणे देशाचे विभाग पाडून कुठे किती ओलावा चालेल ते ठरवून दिलं आहे. वखारीत हे अंदाजानं चालतं आणि अनुभवी माणसाचा अंदाज बहुधा बरोबरही असतो. पण कारखान्याचं हजार दारांचं कंत्राट अंदाजावर चालत नाही. त्यात अलीकडे सरकारनं प्लायवूडसाठी गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश काढले आहेत, म्हणजे तपासणाऱ्या प्रयोगशाळा आल्या आणि तिथे बसणारी शिकलेली माणसंही आली.

तेव्हा विषय टाकाऊ नाही. खरा प्रश्न तिचा दुसरा होता. पदवी चालते का?

मी अनेक वर्षं एका महाविद्यालयाच्या प्रवेश समितीवर कागद तपासले आहेत. 'मान्यताप्राप्त' या एका शब्दानं जेवढे पालक निश्चिंत होतात, तेवढे दुसऱ्या कशानं होत नाहीत. मान्यता कोणी दिली आणि कशाला दिली, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

वखारवाल्या वडिलांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. वनखात्याच्या डेपोतल्या ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का असतो. त्यावरून माल चोरीचा नाही एवढं कळतं. ओंडका आतून पोकळ आहे का, हे तो शिक्का सांगत नाही. ते तुम्ही टोकाला ठोकून, गाभा बघून ठरवता. पदव्यांचंही तसंच आहे. यूजीसीच्या 1956 च्या कायद्याचं कलम 22 सांगतं की पदवी कोण देऊ शकतं: कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम 3 खाली अभिमत ठरलेली संस्था, किंवा संसदेच्या कायद्यानं खास अधिकार दिलेली संस्था. डेहराडूनच्या संस्थेला हा अभिमत दर्जा डिसेंबर 1991 मध्ये मिळाला. हा झाला हातोड्याचा शिक्का. तो नसेल तर पुढचं काही बोलूच नये. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतं, ती बघायला पाच मिनिटं लागतात.

गाभ्याची तपासणी वेगळी, आणि घोळ होतो तो इथेच. नॅक तपासतं ते अख्ख्या संस्थेला. तिची श्रेणी साधारण पाच वर्षांची असते, म्हणून श्रेणीबरोबर तारीखही वाचावी. पण विद्यापीठाला 'ए' मिळाला म्हणजे त्याच्या एका कोपऱ्यातल्या लाकूड विभागात यंत्रं आहेत, असं होत नाही. एकेक अभ्यासक्रम तपासण्याचं काम एनबीए करतं. अभियांत्रिकी, फार्मसी, व्यवस्थापन अशा शाखांत तिचा दबदबा आहे. अभियांत्रिकीत तर 2014 पासून भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे आणि त्यामुळे तिथला शिक्का परदेशातही वाचला जातो. शास्त्र शाखेच्या एम.एस्सी.ला तो जिना नाही. लाकूडशास्त्र आपल्याकडे बहुतेक वानिकीच्या पोटात राहतं. कृषी विद्यापीठांतल्या वानिकी महाविद्यालयांची अधिमान्यता भारतीय कृषी अनुसंधान परिषद बघते.

अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र घर आहे. 'सोसायटी ऑफ वूड सायन्स अँड टेक्नॉलॉजी' ही 1958 सालची संस्था फक्त लाकूडशास्त्राच्या पदव्यांना अधिमान्यता देत आली आहे. त्याच विषयातली माणसं येऊन विचारतात की लाकडाची रचना, त्याचं भौतिक, त्याचं रसायन, त्याची ताकद हे सगळं शिकवता का, आणि कोण शिकवतं. मला ही पद्धत मनापासून पटते. सुताराचं काम सुतारानंच तपासावं. पण तिथेही एक गंमत झाली आहे. विद्यार्थी कमी झाले तसे काही विभागांनी नावं बदलली. व्हर्जिनिया टेकमधला जुना लाकूड विभाग आता 'सस्टेनेबल बायोमटेरियल्स' म्हणून ओळखला जातो. म्हणजे तुम्ही 'वूड' शब्द शोधत बसलात तर चांगली जागा नजरेतून सुटेल.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे या मुलीच्या हातात आणखी एक माहितीपत्रक होतं. एका खासगी संस्थेचं, गुळगुळीत कागदावर. दोन वर्षांचा लाकूड आणि डिझाइनचा अभ्यासक्रम, फी ऐकून तिची आई खालीच बसली. वर ठळक अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त'. आम्ही चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. मान्यता म्हणजे आयएसओ 9001 चं प्रमाणपत्र. ते कारभाराच्या पद्धतीचं असतं, ते बिस्किटाच्या कारखान्यालाही मिळतं. शिकवण्याशी त्याचा संबंध नाही. खाली एका परदेशी व्यावसायिक संघटनेचं बोधचिन्ह होतं, आणि त्यापुढे 'सदस्य'. वर्गणी भरून सदस्य होणं निराळं आणि तपासणीतून पार पडणं निराळं. हे उद्या आपल्या समाजाचं सभासदत्व दाखवून पुरणपोळीच्या चवीची हमी देण्यासारखं झालं! शेवटी पदवी कोण देणार, हे तर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आम्ही त्यांना ई-मेल लिहिली. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव छापलं जाईल आणि पदवीचं नेमकं नाव काय? लाकूड वाळवण्याची भट्टी तुमची स्वतःची आहे का? ताकद तपासायचं यंत्र, सूक्ष्मदर्शक, ओळख पटवायला लाकडाचे नमुने? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यांतले या विषयातले किती? मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? वडील तोवर गप्प बसून होते. भट्टीचा प्रश्न ऐकून म्हणाले, "भट्टीतून काढल्यावर शंभरातल्या किती फळ्या फुटतात, तेही विचार." तोही प्रश्न घातला. हा माणूस त्या विषयाचा परीक्षक म्हणून जाऊ शकेल असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

उत्तर ई-मेलनं आलंच नाही. फोन मात्र तीन आले. तिन्ही फोनांत एकच गोष्ट: शुक्रवारपर्यंत भरलेत तर फीत सवलत. मुलीनं डेहराडूनचा अर्ज भरला आहे. निवड होईल की नाही ते कळेल. पण आता ती कुठे आणि कशासाठी जाते आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, वडिलांनासुद्धा.

बाहेर देशी शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक. तिथली पदवी कितीही नामांकित असली तरी इथे सरकारी नोकरीला किंवा पुढच्या प्रवेशाला समकक्षतेचा कागद मागतात. हे काम वर्षानुवर्षं भारतीय विद्यापीठ संघ करत आला, 2025 मध्ये यूजीसीनं त्याबाबत स्वतःचे नियम आणले. परत यायचा विचार असेल तर जाण्याआधीच ते नियम वाचावेत, आणि अभ्यासक्रमाचा पूर्ण तपशील तिथून शिक्क्यानिशी घेऊन ठेवावा. पाच वर्षांनी तो मागायला गेलं की विभागाचं नावच बदललेलं असतं, वर पाहिलंच.

आणि बारावीतल्यांसाठी. ज्यांना जंगल आणि लाकूड दोन्हीत रस आहे त्यांनी एम.एस्सी.पर्यंत थांबायचं कारण नाही. दापोलीला आणि अकोल्याला कृषी विद्यापीठांची वानिकी महाविद्यालयं आहेत, चार वर्षांची पदवी. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला वानिकी, कृषी किंवा अभियांत्रिकीची पदवी चालते. नाही तर पदवीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांतला निदान एक विषय लागतो. नुसत्या 'डिझाइन'च्या पदवीनं ते दार उघडत नाही. या अटी दरवर्षी यूपीएससीच्या जाहिरातीत असतात. कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्याआधी ती जाहिरात उघडून मुलांनी स्वतः वाचावी, आईबाबांनी नंतर.

पुढच्या महिन्यात शिष्यवृत्त्यांचे अर्ज. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलमध्ये जूनमध्ये उभं राहायला जागा नसते.