कॅमेरा हातात आला, पडद्याचं काय?

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा आत्याला समोर बसवून तिचं बोलणं मोबाइलवर शूट केलं. तिने पंधरा वर्षं ऊस तोडला. मुकादमाची उचल, पालावरचे दिवस, फडात झालेलं बाळंतपण असं सगळं ती सांगत गेली. बंगळुरूला परतल्यावर हॉस्टेलच्या खोलीत, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, मोफत सॉफ्टवेअर वापरून मी बारा मिनिटांची फिल्म तयार केली. खर्च काय? एक कॉलर माइक आणि एसटीचं भाडं.

इथल्या एका सिनेमाप्रेमी मंडळींच्या बैठकीत ती दाखवली. एक गृहस्थ म्हणाले, मटेरियल फार चांगलं आहे, एखाद्या चांगल्या दिग्दर्शकाने यावर काम करायला हवं.

दिग्दर्शक त्यांच्या समोरच बसली होती.

तंत्रज्ञान स्वस्त झालं म्हणजे सिनेमा सगळ्यांचा झाला, असं हल्ली सहज म्हटलं जातं. त्यात तथ्य आहेच. रिळांचा काळ असता तर आत्याची गोष्ट शूट करण्याचा विचारही मी केला नसता. मालेगावात नासिर शेख यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ केला. बुंदेलखंडात ‘खबर लहरिया’च्या दलित स्त्रिया मोबाइल घेऊन बातमीदारी करतात. ‘दलित कॅमेरा’ने यूट्यूबवर आपल्या माणसांचं बोलणं जपून ठेवलं. सोमनाथ वाघमारे यांनी 2017 मध्ये भीमा कोरेगाववर माहितीपट केला, पुढे ‘चैत्यभूमी’ केला. शतकभर आपण कॅमेऱ्यासमोर होतो, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दयेचा विषय म्हणून. आता कॅमेऱ्यामागे उभे आहोत. हा बदल लहान नाही.

पण जात फक्त यंत्राच्या किमतीत नव्हती. यंत्र स्वस्त झाल्यावर ती पुढच्या दारावर जाऊन बसली. पगार नसताना सहा महिने एडिटिंग करत बसणं कुणाला परवडतं? महोत्सवाची प्रवेश फी कोण भरतं? निवड समितीत कोण असतं? बंगळुरूत पवन कुमार यांनी 2013 चा ‘लूसिया’ हा कन्नड सिनेमा लोकांकडून ऑनलाइन पैसे उभे करून बनवला. ही वाट मोठी आहे. पण ज्याच्या फोनमधली निम्मी माणसं स्वतःच शिष्यवृत्तीची वाट बघत आहेत, त्याने कुणाकडे मागायचं? सफाई कामगारांच्या मृत्यूंवरचा दिव्या भारती यांचा ‘कक्कूस’ 2017 मध्ये तयार झाला, तेव्हा तमिळनाडूत त्याचे खेळ अडवले गेले. अखेर तो यूट्यूबवर टाकावा लागला. फिल्म तयार होती, दाखवायला जागा नव्हती.

हा अनुभव आपल्याला नवा नाही. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, अंक छापून आला. पण पैसे देऊनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, असं धनंजय कीर यांनी बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदवलं आहे. म्हणजे छापखाना मिळाला तरी वाचकापर्यंतची वाट अडवलेलीच होती. बाबासाहेब त्या जाहिरातीसाठी थांबले नाहीत. एक पत्र बंद पडलं की दुसरं काढत राहिले.

म्हणून मला वाटतं, कुणी आपल्याला दिग्दर्शक म्हणेल याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. पडदा आपणच उभा करायला हवा, आणि त्याची सवय आपल्याला आहे. जलसे वस्तीतच झाले, वर्गणीवरच झाले. ज्योती निशा यांचा बाबासाहेबांवरचा माहितीपटही लोकवर्गणीच्या बळावर उभा राहिला. जयंतीला आपण डीजेवर किती उधळतो हे प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. त्यातली एक संध्याकाळ, एक पांढरी चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर आपल्या पोरापोरींच्या फिल्मसाठी ठेवता येणार नाही का? उरलेल्या पैशांत एखाद्या मुलीला हार्ड डिस्क घेऊन देता येईल. आणि नुसत्या टाळ्या नकोत. कुठे फसलं तेही सांगा. आपली टीका आपल्याच माणसांकडून आली तर ती शिकवते.

मी आत्याला फिल्म पाठवली. तिने ती दोनदा पाहिली आणि फोन करून विचारलं, “आता हे कुणाला दाखवणार गं?”

येत्या जयंतीला, आत्या. आपल्या वस्तीत, समाजमंदिराच्या भिंतीवर. पहिली खुर्ची तुझी.

जय भीम.