घोडा जोराचा आहे, म्हणून लगाम काटेरी नको

घोडा माळावर मोकळा सुटला की हाताला ऐकत नाही, मान ताणून लगाम ओढून घेतो, घरी येईपर्यंत खांदे भरून येतात. अशी तक्रार घेऊन आलेला माणूस पुढचं वाक्य हमखास बोलतो, "एखादा कडक लगाम सांगा." हे आवाहन त्याच्यासाठी आहे. हौसेनं घोडा घेतलेले शेतकरी, फार्महाऊसवर एखाददुसरा घोडा बाळगणारे, क्लबात शिकून आता स्वतःचा घोडा घेतलेली मुलं-मुली, या सगळ्यांना एकच विनंती आहे. दुकानात जाण्याआधी घोड्याच्या तोंडात बघा.

बघायचं म्हणजे खरोखर उघडून बघायचं. पुढचे चारा तोडणारे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये खालच्या जबड्यावर दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला भाग, तिथं बसतं. ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवून त्या जागेवरून हलकेच फिरवा. कातडीखाली लगेच हाड लागेल, तेही सपाट नाही, वर धार आल्यासारखं. मधे मांस नाही, चरबी नाही. उरलेली सगळी जागा जिभेनं भरलेली असते. तुमच्या हातातला ओढा शेवटी या जिभेवर आणि या धारेवर पोचतो. तिथं गाठ लागली, जुना व्रण दिसला किंवा बोट लावताच घोड्यानं मान झटकली, तर तो का ओढतो याचं निम्मं उत्तर मिळालं. दुखणाऱ्या जागेपासून घोडा पळतो, आणि दुखणं तोंडात असेल तर तो पुढंच पळतो.

दातांचंही तसंच. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात आणि झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांना बाहेरून आणि खालच्या दाढांना आतून टोकं येतात. गाल आणि जीभ कापली जाते. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढं एक लहानसा निरुपयोगी दात असतो, बिट नेमकं त्यावर आपटतं. अडीच ते पाच वर्षांच्या वयात दुधाचे दात पडून पक्के येत असतात, तेव्हा तर तोंड कायम हुळहुळतं असतं. आणि आपल्याकडे हौशी लोक नेमके याच वयाचे घोडे घेतात, कारण ते दिसायला तजेलदार. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात कानशीनं घासून घ्या. त्याचा खर्च नव्या परदेशी बिटाच्या आसपासच येतो, आणि उपयोग कितीतरी जास्त.

तोंड ठीक निघालं, तर खोगीर बघा. खोगिराचा पुढचा भाग खांद्यामागं रुतत असेल, तर घोडा पाठ खाली दाबून धावतो आणि तसा धावणारा घोडा थांबवणं अवघड. मग खुराक बघा. दिवसभर ठाणावर बांधलेला, भिजवलेला हरभरा आणि जव पोटभर खाल्लेला घोडा रविवारी सकाळी बाहेर काढला, तर तो उधळणार नाही तर काय करणार? ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी धान्य कमी, चारा जास्त, आणि रोज काही वेळ मोकळा. एवढ्यानं कित्येक 'कडक तोंडाचे' घोडे नरम पडतात.

आता रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण या तक्रारी तिथूनच पुष्कळ येतात. पुण्याचा मोसम पावसाळ्यात, मुंबईच्या महालक्ष्मीचा हिवाळ्यात. दर मोसमाअखेर शर्यतीतून उतरलेले थरोब्रेड घोडे क्लबांत आणि खासगी तबेल्यांत येतात. लोकांना वाटतं, शर्यतीच्या घोड्याला फार जालीम लगाम लागत असेल. प्रत्यक्षात बहुतेकांच्या तोंडात साधा, मधे सांधा असलेला इंग्रजी डी-आकाराच्या कड्यांचा स्नॅफल असतो. त्यांची शिकवणच वेगळी असते. सकाळच्या सरावात स्वार रिकिबीत उभा राहतो, दोन्ही वाद्या मानेवर एकमेकींवर घेऊन घट्ट धरतो, आणि घोडा त्या ताणावर रेलून वेग वाढवतो. या घोड्याला लगामाचा पक्का ताण म्हणजे 'चल'. तुम्ही घाबरून पुढं झुकता, रिकिबीत उभे राहता, लगाम आवळता, आणि तो तुमचा हुकूम मनापासून पाळतो. त्याला आणखी कडक बिट दिलं तर तोच हुकूम आणखी मोठ्यानं दिल्यासारखं होतं. त्याच्यासाठी उपाय म्हणजे काही आठवडे संथ काम. चाल, दुडकी, थांब, पुन्हा दुडकी. लगाम धरायचा, उत्तर मिळताच लगेच ढिला सोडायचा, अंग मागं घेऊन खोगिरात खोल बसायचं. ताण सुटला की वेग कमी करायचा, हे त्याला नव्यानं शिकवावं लागतं.

सरळ ओढाताणीत माणूस जिंकत नाही. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर भरधाव असताना तुम्ही सलग खेचत राहिलात, तर त्याला टेकायला आधार मिळतो. धर-सोड, धर-सोड, त्याच्या उडीच्या लयीत. भरधाव घोडा दर उडीला एक श्वास घेतो आणि तो फक्त नाकानं घेतो, तोंडानं घेऊ शकत नाही. नाकपट्टी करकचून आवळून, मान छातीशी ओढून धरली की श्वास अडतो आणि घोडा आणखी बिथरतो. नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

एवढं सगळं करूनही, चांगला शिकलेला, निरोगी घोडा मोकळ्या रानात इतरांबरोबर धावताना जोर धरतोच. तिथं वेगळं बिट घेण्यात काही चूक नाही. मात्र जोर किती लावतो यापेक्षा जोर लावताना डोकं कुठं जातं, ते बघून निवडा.

डोकं खाली घालून हातावर ओझं टाकणाऱ्याला गॅग उपयोगी पडतं. लगाम ओढला की ते गालपट्टीवरून वर सरकतं, ओठाचे कोपरे आणि कानांमागचा भाग दोन्हीकडे दाब येतो, आणि डोकं वर येतं. पण जो घोडा मुळातच मान वर करून, तारे बघत पळतो, त्याला गॅग दिलं की संपलंच. त्याचं डोकं तुमच्या कपाळावर येईल. अशा घोड्याला सौम्य पेल्हॅम किंवा एकाच वादीचं किंबलविक, सोबत जेरबंद, हे बरं. पेल्हॅमला दोन वाद्या असतात. वरची साध्या स्नॅफलसारखी, खालची हनुवटीच्या साखळीवर काम करणारी. एरवी वरच्या वादीवर चालायचं, खालची फक्त गरजेला. दोन वाद्या हाताळायची सवय नसेल तर आधी संथ चालीत सवय करा, घाईनं वेगात नको. जबडा उघडून वाकडा करणाऱ्याला बिट बदलण्यापेक्षा आठच्या आकड्यासारखी नाकपट्टी पुरते. आणि जो हनुवटी छातीला चिकटवून, बिटापासून लपत पळतो, त्याला उलट मऊ, जाडसर, रबराचं सौम्य बिट द्या. कडक बिटानं तो आणखी दडेल आणि आणखी पळेल.

पेल्हॅमसारख्या दांडीच्या बिटाचं गणित समजून घ्या, म्हणजे हात आपोआप हलका होतो. समजा, तोंडातल्या दांड्यापासून वरची दांडी पाच सेंटीमीटर आणि खालची दहा. तुम्ही खालच्या वादीला एक किलोचा ओढा दिला, तर साखळी आवळल्यावर हनुवटीपाशी साधारण दोन किलो आणि तोंडातल्या दांड्यावर साधारण तीन किलो दाब पडतो. स्नॅफलमध्ये एक किलोचा दाब एक किलोच राहतो. साखळी सपाट, पीळ न पडता हनुवटीच्या खाचेत बसली पाहिजे, आणि दांडी पंचेचाळीस अंशांपर्यंत मागं आल्यावरच आवळली पाहिजे. आधीच आवळली तर घोड्याला इशारा मिळत नाही, थेट चिमटाच बसतो. लांब दांडीचं बिट जास्त जालीम असतं खरं, पण ते सावकाश फिरतं, घोड्याला सावरायला क्षणभर मिळतो. आखूड दांडी लगेच चावते. हातानं लगामाला लोंबकळणाऱ्या स्वाराला यांतलं एकही देऊ नका, घोडा कितीही जोराचा असो.

मापाकडे आपल्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. मारवाडी, काठियावाडी घोड्याचं तोंड बारीक, त्यात मोठ्या परदेशी घोड्याचं पाच-साडेपाच इंची बिट बसवायचं, मग सांधा खाली लोंबतो आणि ओढला की टाळूला भिडतो. घोडा तोंड उघडतो, आणि आपण म्हणतो कडक तोंडाचा आहे. एका दोरीला गाठ मारून ती ओठाच्या एका कोपऱ्याशी धरा, दोरी तोंडातून आडवी घ्या, दुसऱ्या कोपऱ्याशी खूण करा. दोन्ही बाजूंना पाव इंच जास्त धरा, तेवढं माप. कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडतील इतकंच वर बांधा. आणि जाड बिट म्हणजे सौम्यच असं धरू नका. बारीक तोंडात जाड दांडा मावतच नाही. अशा घोड्याला मधे छोटी कडी असलेलं दोन सांध्यांचं बिट पुष्कळदा बरं वाटतं.

काटेरी लगामाबद्दल मी तडजोड करणार नाही. जत्रेत, बाजारात तो आजही मिळतो, आतल्या बाजूला खिळे किंवा दाते असलेला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफननं घोडेस्वारीवर लिहिलं तेव्हा त्यानंही टोकदार बिट सांगितलं होतं, पण निदान एक गुळगुळीत बिटही जवळ ठेवा असं सांगूनच. खरबरीत बिटाचा अनुभव आलेल्या घोड्याला गुळगुळीत बिट हवंहवंसं वाटावं, हा त्याचा हेतू. आपण मात्र काटे घालतो ते कायमचेच. ते जखम करतात, जखम भरून आली की तिथं निबर व्रण होतो, आणि घोडा खरोखरच बधिर होतो. मग याहून कडक काय, हा प्रश्न येतो, आणि त्याला उत्तर नसतं. शिवाय जनावराला हाकण्यासाठी किंवा स्वारीसाठी खिळ्यांचं, टोकांचं बिट वापरायला केंद्र सरकारच्या १९६५ च्या नियमांनी मनाई आहे. घरात असेल तर मोडून भंगारात टाका, दुसऱ्याला देऊ नका.

नवं बिट आणलं की पहिल्याच दिवशी माळावर जाऊ नका. आधी कुंपणाच्या आत चाल आणि दुडकी, मग एकट्यानं, चढाच्या रस्त्यावर कँटर, आणि शेवटी दुसऱ्या घोड्यांबरोबर. एका वेळी एकच गोष्ट बदला. बिट, नाकपट्टी आणि जेरबंद तिन्ही एकदम बदलले तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

उधळलाच तर काय करायचं, हे शांतपणे आधी शिकून ठेवा. एका हातानं वादी आखूड करून मूठ मानेच्या आयाळीत घट्ट रोवा. दुसऱ्या हातानं दुसरी वादी झटक्यात वर आणि मागं, लगेच सोडा, पुन्हा. अंग मागं, टाचा खाली. जागा मोठी असेल तर मोठं वर्तुळ घ्या आणि हळूहळू लहान करा. भरवेगात एकदम डोकं वळवलंत तर घोडा पाय अडकून पडेल, तुमच्यासकट. डांबरी रस्त्यावर तर दौडायचंच नाही, नाल घसरतात. ढोल-ताशे, फटाक्यांच्या मिरवणुकीत बिथरलेला घोडा घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्याला कोणतंच बिट आवरत नाही. अशा आवाजांची सवय आधी महिनोन्‌महिने करून घ्यावी लागते, नाहीतर त्याला घरीच ठेवावं.

आणि या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा बघायला जाणार असाल, तर विकणाऱ्याला नम्रपणे सांगा, "दादा, तोंडातलं काढून दाखवा." नाचता, दौडता घोडा बघून भुलू नका. आत काय आहे ते बघा, ओठाचे कोपरे बघा, अंगठा आत घालून जबड्याची धार बघा. मग स्वतःच्या साध्या स्नॅफलवर त्याला थोडं फिरवून घ्या. तो लगाम घरून पिशवीत घेऊन जा, तिथं मिळेलच असं नाही. विकणारा नको म्हणाला, तर पुढच्या दावणीकडे चला.